कस्तुराबाईंची खोली

बैलजोडी विकली त्या वर्षी बजरंगच्या घरामागचा गोठा रिकामा झाला. दिवाळी सरली आणि एका दुपारी त्याच्या बायकोनं, राजेश्रीनं, ताटात भाजी वाढता वाढता सांगून टाकलं, "गोठ्याची खोली करू. आत्याबाईसाठी. फरशी, पंखा, आतच संडास-बाथरूम. ह्या वयात त्यास्नी रोज अंगण तुडवायला लावायचं म्हंजे बरं दिसत न्हाई."

बजरंगचं पेडगावच्या स्टँडवर खताबियाण्यांचं दुकान. गिऱ्हाईक जे मागेल ते चांगलंच म्हणायचं, ही सवय त्याला घरातही लागलेली. आईनं काही म्हटलं की "बरोबर हाय", बायकोनं उलटं म्हटलं की तेही "बरोबर हाय". तो म्हणाला, "लय बेस. आईला इचारतो."

पेडगावात लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणाला, बघा, सुनेनं सासूला शेवटी गोठ्यात घातली. दुसरा म्हणाला, अशी सून मिळायला नशीब लागतं, म्हातारीला वेगळी खोली आणि कमोड. दोन्ही पक्षांना डोकं नव्हतं, असं माझं स्पष्ट मत आहे. तो गोठा काय होता हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, पण बोलली एकही नाही.

त्या घरातला देव कडक होता. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक, शेजारी देवीचा, आणि दोघांनाही विटाळ म्हणून चालायचा नाही. देव कडक असला की त्याचा जाच घरातल्या बायांनाच होतो, पुरुषांना झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्या चार दिवसांत बाईनं घराला शिवायचं नाही, गोठ्यात बसायचं. गव्हाणीच्या पलीकडं, बैलांच्या शेपट्यांशी, एक पोतं अंथरलेलं असे. ताट-तांब्या वेगळा, तो पत्र्याखालच्या वाशात खोचलेला. राजेश्री गंगाखेडची, बारावी झालेली. तिच्या माहेरी असलं काही नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूनं, कस्तुराबाईनं, तिला बोटानं तो कोपरा दाखवला आणि सांगितलं, "हे तुजं ठिकाण." राजेश्री बसली. नवी नवरी होती, बसली.

पण एक दिवस असा आला, की त्यानंतर ती नुसती बसली नाही, धुमसत बसली. तिची लेक अर्पिता तेव्हा दुडुदुडु चालायला लागली होती आणि राजेश्रीला पुन्हा दिवस गेले होते. भाकऱ्या थापता थापता अचानक रक्त जायला लागलं. कस्तुराबाईनं पाहिलं आणि पहिला शब्द काढला तो, "बाहेर हो आदी." राजेश्री पोट धरून म्हणाली, "आत्याबाई, हे तसलं न्हाई. मला दिवस गेलेत." सासू म्हणाली, "रगत ते रगतच." तिला गोठ्यात जावं लागलं. कस्तुराबाई तोंडाला पदर लावून अंगणात उभी राहिली, आणि शेतातून बजरंग येईपर्यंत तशीच उभी राहिली. ना आत आली, ना कुणाला हाक मारली. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं, लवकर आणलं असतं तर निदान पिशवी वाचली असती. अर्पिताच्या पाठीवर मग कुणी झालं नाही.

त्या गोष्टीवर सासू-सुनांत पुन्हा एक अक्षर निघालं नाही. दोघी एका चुलीवर रांधायच्या, एका तुळशीला पाणी घालायच्या. पण राजेश्रीला आयुष्यात एकच हवं होतं. सासूनं एकदा, फक्त एकदा, आपल्या तोंडानं म्हणावं, माझं चुकलं. सोन्याच्या पाटल्या नकोत, घर नावावर नको. तेवढा एक शब्द हवा. आणि तो मिळत नव्हता म्हणून ती आतून करपत होती.

त्यात अर्पिता मोठी झाली. पहिल्यांदाच पोरीला तसं झालं आणि आजीनं न विचारता पोतं झटकून ठेवलं. राजेश्रीनं भांडण काढलं, भांडी आपटली, माहेरी जायची धमकी दिली. बजरंगनं मध्यस्थी केली ती अशी: "बसू दे की पोरगी घडीभर. आईचं मन राहील. तिथंच पुस्तकं नेऊन देतो." पोरगी पुस्तकं घेऊन बैलांच्या मुताच्या वासात बसली आणि राजेश्रीनं मनाशी ठरवलं की हा गोठाच ठेवायचा नाही. गोठाच नसला तर बसवतील कुठं? आणि तिथं म्हातारीलाच नेऊन टाकली तर घरही मोकळं होईल. गावानं वाखाणलेल्या त्या खोलीचा पाया हा असा घातलेला होता.

महारुद्र मिस्त्री कामावर आला त्या दिवशी राजेश्रीनं त्याच्या हातातला घण मागून घेतला. "गव्हाणीवर पयला घाव मी घालणार." महारुद्र हसला. त्याला वाटलं, वहिनीला हौस आहे. तिनं पदर खोचला आणि जो घाव घातला, त्यानं गव्हाणीचा कोपराच निखळला. दुसरा घातला, तिसरा घातला. शेवटी मिस्त्रीनंच घण काढून घेतला. "आवं वहिनी, भिंत तरी ठिवा."

मग काम झपाट्यानं झालं. जमीन उकरून शेणमातीचा थर काढला, मुरूम भरला, कोबा केला, वर पांढरी फरशी बसवली. भिंतींना गिलावा. पत्र्याखाली छत लावलं, म्हणजे उन्हाळ्यात डोकं तापायला नको. मागं शोषखड्डा. काळ्या दगडाचा उंबरा. राजेश्री रोज उभी राहून पाणी मारायची, सिमेंट किती पडतंय ते बघायची. एवढं मन लावून तिनं स्वतःचं स्वयंपाकघरसुद्धा कधी केलं नव्हतं.

कस्तुराबाई हे सगळं ओसरीवरून बघत होती. सत्तरी ओलांडलेली, पण कणा ताठ, नजर शाबूत. सगळ्यांना वाटत होतं, ती आदळआपट करेल, आपल्याला घराबाहेर काढायलेत म्हणून गावभर सांगेल. तिनं काहीही केलं नाही. बजरंगला एवढंच म्हणाली, "जाते की. पर देव मपल्या संगं येतील. त्यांचं फडताळ उंच करा, मान्साच्या डोक्याच्या वर. कुनाची सावली पडाया नगं."

राजेश्रीनं हे ऐकलं आणि तिला हसू लपवता येईना. सासू जाणार आणि कडक देवही जाणार! देव गेले की विटाळ गेला. अर्पिता घरात कुठंही फिरेल, लोणच्याच्या बरणीत हात घालेल. तिनं महारुद्रला सांगून फडताळ इतकं उंच करवलं, की म्हातारीला प्लास्टिकच्या स्टुलावर चढूनच दिवा लावावा लागावा. म्हातारीची तक्रार नव्हती. देवाला जेवढं उंच तेवढं बरं.

खोलीत देव बसले त्या दिवशी गल्लीतल्या बाया जेवायला आल्या. शेजारची नर्मदाबाई फरशीवर हात फिरवून म्हणाली, "कस्तुराबाई, तुमी तर शहरातल्यावानी राहायल्या आता." कस्तुराबाई गालात हसली. बाया गेल्यावर तिनं उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिलं आणि सुनेला अंगणात उभी करून सांगितलं, "हे आता देवाचं ठाणं. घर तुमचं तुमाला लखलाभ. तिथं काय बी करा, मी बघाया येनार न्हाई. पर बाहेर आसाल तवा ह्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई. सांगून ठिवायलेय."

राजेश्री अंगणात उभी राहिली आणि आपण काय करून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. इतके दिवस घर आत होतं आणि गोठा बाहेर होता. आता सासू देव घेऊन जिथं बसली ते आत झालं आणि बाकी सगळं बाहेर. गोठा मोडला असं तिला वाटत होतं. गोठा नुसता सरकला होता, आणि आता त्यात तिचं स्वयंपाकघर, कपाट, टीव्ही, नवरा असं सगळंच आलं होतं. कस्तुराबाईनं एक शब्द चढा न बोलता सुनेच्या अख्ख्या घराचा गोठा करून टाकला.

तेव्हापासून कस्तुराबाई सून आत आहे की बाहेर याची चौकशी करूनच ताट घ्यायची. शंका आली की ताट परत. स्वतःच्या शेगडीवर पिठलं टाकायची आणि वास अंगणभर सोडायची. राजेश्रीही हट्टाला पेटली. ती मुद्दाम ओरडून सांगायची, "मी बाहेर हाय आजपस्नं!" म्हणजे चार दिवस म्हातारीचं केर, पाणी, धुणं सगळं बंद. तुमचाच नियम, भोगा. बजरंगला आईच्या खोलीत केरसुणी घेऊन वाकताना बघून तिला गार वाटायचं.

या सगळ्यात शहाणी एकटी अर्पिता. परभणीला कॉलेजला जायची, जाता-येता आजीच्या खोलीत डोकवायची, तिच्याकडून वेणी घालून घ्यायची. ती बाहेर आहे की आत हे तिनं आजीला कधी सांगितलंच नाही, आणि आजीनंही नातीला कधी विचारलं नाही. सुनेला विचारायची, नातीला नाही. राजेश्रीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, आपण पोरीसाठी झुंजतोय.

वैशाखातली गोष्ट. गंगाखेडला भावकीतलं लग्न होतं. सगळी गल्ली जीपा करून गेली, बजरंगही गेला. राजेश्री गेली नाही, तिचे ते दिवस होते आणि लग्नात मिरवायची इच्छाही नव्हती. अर्पिता कॉलेजला. अंगणात राजेश्री कपडे वाळत घालत होती, तोच खोलीतून धप्पकन आवाज आला आणि पाठोपाठ किंकाळी.

राजेश्री धावली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला राक्षसीण म्हणाल. ती हातातली चादर टाकून धावली. आणि उंबऱ्याशी येऊन थांबली. तिला कुणी थांबवलं नव्हतं.

आत स्टूल आडवं झालं होतं. कस्तुराबाई खाट आणि भिंत यांच्यामध्ये पडली होती, एक पाय भलतीकडेच वळलेला. घासायला काढलेला खंडोबाचा टाक लांब जाऊन पडला होता.

"बजरंगा! आरं बजरंगा!"

"ते गंगाखेडला गेलेत लग्नाला. मी हाय."

"उठव ग मला. पाय गेला मपला."

राजेश्री म्हणाली, "मी बाहेर हाय, आत्याबाई. काल सांगितलं की तुमाला."

म्हातारी कण्हायची थांबली. तिनं मान वळवून सुनेकडं पाहिलं. समोर काय उभं आहे ते तिला बरोबर कळलं.

"नर्मदाला हाक मार."

"नर्मदाबाईबी लग्नालाच गेल्यात. सगळी गल्ली रिकामी हाय."

"मंग बजरंगाला फोन कर."

राजेश्रीनं फोन लावला. घंटी वाजत राहिली. तिकडं बँड चालला असणार, त्यानं उचलला नाही. तिनं फोन पदराच्या गाठीत बांधला आणि पुन्हा लावला नाही.

"येऊ का आत?" तिनं विचारलं. "तुमी नुसतं ये म्हना. येते, उचलते, दवाखान्यात नेते. म्हना."

कस्तुराबाईनं वर देवांकडं पाहिलं, मग फरशीवर पडलेल्या टाकाकडं. "देव खाली पडलाय. तू नगं येऊ."

"बरं," राजेश्री म्हणाली आणि उंबऱ्याच्या बाहेर पायरीवर बसली.

एक दुखण्यानं फरशी ओरबाडत होती, दुसरी पायरीवर बसून बघत होती. म्हातारीची कीव यायला लागली की मला पोट धरून गोठ्यात बसलेली ती तरणी पोर आठवते. सुनेची बाजू घ्यावी म्हटलं तर तो वाकडा पाय दिसतो. मी कुणाची बाजू घ्यायची? दोघींपैकी एकीनं जरी एक पाऊल टाकलं असतं तरी ही वेळ टळली असती, आणि टाकणार कोणीच नव्हतं.

ऊन अंगणातून सरकत पायरीवर आलं. कस्तुराबाईचं लुगडं ओलं झालं. फरशीवर ओघळ आला तो राजेश्रीला दिसला. तिला बरं वाटलं. लिहायला जड जातंय, पण बरंच वाटलं तिला. सासूनं तोंड पदरात लपवायचा प्रयत्न केला, पण पदर अंगाखाली अडकला होता.

"राजेश्री."

"जी."

"पानी दी."

"देते की. आत येऊ का तेवढं सांगा."

मग अगदी खालच्या आवाजात म्हातारी म्हणाली, "ये."

इथं राजेश्रीनं उठायला हवं होतं. ये म्हटलं की उठायचं, असंच तिनं मनाशी ठरवलं होतं. पण इतकी वर्षं उपाशी राहिलेल्या माणसाचं एका घासानं भागत नाही.

"आसं न्हाई. इटाळ न्हाई म्हना."

"न्हाई इटाळ."

"मंग तवा कुठून आला व्हता? माझं लेकरू जायलं व्हतं तवा?"

राजेश्रीचा आवाज फुटला. ती रडायला लागली. पायरीवर बसून, फोन बांधलेला पदर तोंडात कोंबून. "सांगा ना, आत्याबाई. तवा कुठला इटाळ व्हता?"

कस्तुराबाई रडली नाही. दुखणं बाजूला ठेवावं तशी ती तिच्या रोजच्या आवाजात बोलली. "तवाबी न्हवता. मला म्हाईत व्हतं. तुला दिवस गेलते त्ये बी म्हाईत व्हतं. देवाला त्याचं काय बी न्हाई, त्ये बी म्हाईत व्हतं."

"मंग?"

"मपलं पयलं पोरगं बी तितंच गेलं. गव्हानीपाशी. मपली सासू दारात हुबी व्हती, तिनं मला आत घेतलं न्हाई. मंग तुला म्या कामून घ्यावं?"

जे ऐकायला राजेश्री जळत राहिली, त्याहून जास्तच तिला मिळालं होतं, आणि त्यातलं काहीही तिच्या कामाचं नव्हतं. ती हात जोडून म्हणाली. खरंच जोडले तिनं हात. "चुकलं म्हना. एवढंच म्हना. लगेच येते."

कस्तुराबाईनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "चुकून न्हवतं केलं त्ये," ती म्हणाली.

त्यानंतर राजेश्री बसूनच राहिली. आता ती कशाची वाट बघत होती, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आत कण्हणं बारीक होत गेलं.

अर्पिता कॉलेजातून आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. अंगणात चादर मातीत पडलेली आणि आई पायरीवर. "आई, काय झालं गं?" म्हणत ती जवळ आली, आत नजर गेली, आणि ती चपलांसकट उंबरा ओलांडून गेली. टाक तिच्या पायाला लागून खाटेखाली गेला. तिनं पाठीवरची पिशवी फेकली, आजीचं डोकं मांडीवर घेतलं, आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या तोंडाला लावलं. कस्तुराबाई घटाघटा प्यायली. खंडोबा खाटेखाली, पोरीच्या पायात चपला, आणि म्हातारीला कशाचंच काही वाटलं नाही.

"कधी पडलीस, आजी?"

"दुपारी."

"दुपारी? आणि आई कुठं होती?"

कस्तुराबाईची नजर उंबऱ्याकडं गेली.

अर्पितानं वळून आईकडं पाहिलं. "तू हितंच बसली होतीस?"

"मी बाहेर हाय न, बाळा. तिचाच नियम..." राजेश्रीला वाक्य पुरं करता येईना. "तुज्यासाठीच केलं गं मी सगळं. तुला कुनी बाहेर बसवू नये म्हनून."

"मला?" अर्पिता म्हणाली. "मी तर कायम येते की आत. आजसुद्धा बाहेरच आहे मी. सांगतंय कोण?"

राजेश्रीनं सासूकडं पाहिलं. म्हातारीनं हे ऐकलं होतं. ऐकून तिनं नातीचा हात आणखी घट्ट धरला. ह्या खोलीत नातीला विटाळ नव्हता, कधीच नव्हता. होता तो सुनेपुरता.

राजेश्री उठली. पायांना मुंग्या आल्या होत्या, चौकट धरून उठली. "थांब, एकटीला उचलायचं न्हाई तुला. मी पायाकडून धरते." तिनं उंबऱ्यावरून पाऊल उचललं.

"तू आत येऊ नको," अर्पिता म्हणाली.

ती ओरडली नाही. साध्या आवाजात म्हणाली, आणि आईकडं न बघता म्हणाली.

कस्तुराबाईनं डोळे उघडले. "येऊ दी ग तिला. आई हाय तुजी."

"न्हाई, आजी."

अर्पितानं एका हातानं आजीचं डोकं सावरलं, दुसऱ्या हातानं फोन काढून अँब्युलन्सला लावला, आणि पलीकडच्या माणसाला गावाचं नाव, स्टँडपासूनचा रस्ता नीट समजावून सांगायला लागली. घरात कोण कोण आहे, असं त्यानं विचारलं असावं. "मी आणि आजी," ती म्हणाली, "दोघीच आहोत."

राजेश्रीनं उचललेलं पाऊल पायरीवर परत ठेवलं.